शेतकऱ्याने कर्ब विकावा काय?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबांनी पत्र्याच्या पेटीतून कागदांची एक चळत काढून माझ्यापुढे ठेवली. ह्या पेटीत आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद असतात : सातबारा, सोसायटीचे पासबुक, कारखान्याच्या पावत्या आणि माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. आबा म्हणाले, "एवढं वाचून सांग. रानातल्या कार्बनचं पैसं मिळत्यात म्हणं. मला काय कळत नाय त्यातलं. तू शिकतुयास."

चळत एकोणीस पानांची होती आणि सगळी इंग्रजीत होती. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. आई दुसरीतून घरी बसली. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आणि माझी इंग्रजीची मजल कुठवर आहे हे आमच्या इंग्रजीच्या सरांना चांगलेच माहीत आहे. तरीही आबांच्या दृष्टीने मी शिकलेला होतो. मोबाइलवरचा शब्दकोश उघडून मी दोन रात्री ते कागद वाचले. पहिल्या रात्री काही कळले नाही. दुसऱ्या रात्री जे कळले त्याने झोप उडाली. शेवटच्या पानावर, जिथे आबांनी सही करायची होती, तिथे प्रतिनिधीने पेन्सिलीने आधीच फुली मारून ठेवली होती.

प्रश्न आमच्या घरचा आहे, पण एकट्या आमच्या घरचा नाही. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या दुसऱ्या दोघांच्या घरीही असेच कागद येऊन पडले आहेत. म्हणून हे लिहावेसे वाटले. ह्या अंकात कविता भरपूर असतील, पावसावरच्या तर असतीलच. त्यांच्यात एक लेख कर्बावर खपून जावा.

आधी हा कर्बाचा व्यवहार काय आहे ते थोडक्यात सांगतो. कारखाने, विमाने, मोटारी हवेत कर्बवायू सोडतात आणि त्यामुळे पृथ्वी तापते, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. १९९७ साली जपानमधल्या क्योतो शहरात झालेल्या कराराने श्रीमंत देशांवर धूर कमी करण्याचे बंधन घातले आणि त्याबरोबरच एक पळवाटही ठेवली (काहींच्या मते सोय) : स्वतःचा धूर कमी करणे महाग पडत असेल, तर दुसऱ्याने कमी केलेला धूर विकत घ्यावा. एक टन कर्बवायू हवेत जाण्यापासून रोखला किंवा हवेतून काढून घेतला, की त्याचे एक क्रेडिट होते. पुढे कंपन्याही स्वखुशीने अशी क्रेडिटे घेऊ लागल्या. झाड आणि माती हवेतला कर्ब साठवून ठेवतात, म्हणून ह्या बाजाराची वाट अखेर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आली. आपल्याकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कर्ब बाजारासाठी एक चौकट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. तेव्हा ही भानगड काही गावगप्पांतली नाही. ती येणार आहे, नव्हे आलेली आहे.

आता आमच्या रानाकडे येतो. आमची जमीन तीन एकर, माढा तालुक्यात, सीनाकाठी. एक एकर ऊस, बाकी तूर, ज्वारी, जमेल तसा कांदा. ऊस तुटून गेला की मागे पाचट उरते, एकरी तीन-चार टन. वाढे तोडणीवाले नेतात किंवा आमच्या म्हशीला होते. पाचटाला मात्र कोणी विचारत नाही. म्हणून एके संध्याकाळी काडी लावायची आणि अर्ध्या तासात रान काळे करायचे, ही आमच्या भागातली जुनी रीत. ती अडाणीपणाची आहे असे पुस्तकात लिहिलेले असते. वस्तुतः तिच्यामागे कारणे आहेत. पाटाने पाणी द्यायचे तर पाचट आडवे येते, दारे धरणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पाचटात उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात, आणि रात्रीची वीज असली की त्याच रानात अनवाणी उतरावे लागते. माझा चुलतभाऊ असाच एकदा वाचला. हे सगळे खरे असूनही पाचट जाळणे चूक आहे, हेही तितकेच खरे. सरी-आड-सरी पाचट दाबून, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, तर त्याचे खत होते, ओल टिकते, तणही कमी उगवते. आमच्या मातीची तपासणी झाली तेव्हा पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के आला. अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की 'कमी' असा शेरा मिळतो. म्हणजे आमची माती नापास झालेली आहे.

कंपनीचे म्हणणे एवढेच की पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, बांधावर झाडे लावा, आणि मातीत जो जास्तीचा कर्ब साठेल तो आम्हांला विका. ऐकायला ह्यात वाईट काहीच नाही. नांगरट कमी करून, मुळे जमिनीतच ठेवून शेती करता येते हे आपल्या महाराष्ट्रात सिद्धही झाले आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी भातासाठी सगुणा तंत्र बसवले, त्यात गादीवाफे एकदाच करतात आणि पुढे नांगर घालत नाहीत. ते शिकलेल्या शेतकऱ्यांना आधी क्रेडिटाचे आमिष लागले नव्हते. नांगरटीचा आणि लावणीचा खर्च वाचला, एवढे पुरले.

मग पैसे किती मिळतील? भूगोलाच्या एका मित्राला बरोबर घेऊन मी हिशेब मांडला. एक एकराचा एक फूट खोलीचा थर घेतला तर साधारण १,५६० टन माती भरते. तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, म्हणजे ०.४२ चा ०.५२ झाला, तर दीड टनाहून किंचित जास्त कर्ब साठतो. १२ किलो कर्बापासून ४४ किलो कर्बवायू होतो, त्या प्रमाणात हा पावणेसहा टन कर्बवायू झाला. म्हणजे पावणेसहा क्रेडिटे. समजा एका क्रेडिटला हजार रुपये आले आणि कंपनीने मोजणी, तपासणी, नोंदणी ह्यांपोटी अर्धे ठेवून घेतले, तर आमच्या हाती एकरी २,८५० रुपये पडतील. आणि एवढा कर्ब वाढायला पाच वर्षे धरली, तर वर्षाला ५७० रुपये. ह्या पैशांत डीएपीचे अर्धे पोतेही येत नाही. आकडे इकडेतिकडे होतील, भाव दुप्पट धरा हवा तर. तरी ह्या उत्पन्नावर कोणाच्या मुलीचे लग्न होणार नाही किंवा माझ्या मेसचे तीन महिन्यांचे बिलही फिटणार नाही.

हा हिशेब मी खोलीत वाचून दाखवला तेव्हा एक मित्र चिडला. तो म्हणाला, "थोडे का होईना, फुकट मिळतात ना? पाचट तर तुम्ही जाळतच होता. तुझा तात्त्विक विरोध हा भरल्या पोटाचा आहे." त्याचे बोलणे मला लागले, कारण आमचे पोट काही भरलेले नाही. आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेतकऱ्याने केलेल्या चांगल्या कामाला आजवर कोणी दमडी दिली नाही. आता कोणी देऊ म्हणतो तर आपण नाक का मुरडावे? ह्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. माझे उत्तर असे की पैसे थोडे आहेत ही माझी तक्रारच नाही. एवढ्या थोड्या पैशांच्या बदल्यात काय मागितले आहे, ती माझी तक्रार आहे.

आबांच्या कागदात मुदत वीस वर्षांची आहे. त्या वीस वर्षांत त्या तीन एकरांतल्या कर्बावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, आमचाही नाही. जमीन विकली तर घेणाऱ्यावर हीच अट बांधून द्यायची. कर्ब विकणे ही गोष्ट ज्वारीचे पोते विकण्यासारखी नाही. ज्वारी विकली की व्यवहार संपला, ती घेणारा खाईल नाहीतर सडवील. कर्ब विकला तरी तो आपल्याच रानात राहतो आणि आपणच त्याची राखण करायची असते. उद्या नांगर खोल गेला आणि तो हवेत उडाला, तर विकलेला माल चोरीला गेला असे धरतात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेत असा कर्ब २५ वर्षे किंवा १०० वर्षे टिकवण्याची हमी द्यावी लागते. तिथल्या हजारो एकरांच्या मालकाला ते परवडत असेल. आमच्याकडे वीस वर्षांत तीन एकरांच्या वाटण्या होतात. मी एकोणीस वर्षांचा आहे. हा करार संपेल तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर असेन. माझ्या हयातीतले एवढे आयुष्य आबांनी माझ्याच वाचनाच्या भरवशावर कोणाला तरी लिहून द्यायचे आहे.

आणि राखण तरी करणार कशी? गेल्या सप्टेंबरात, २०२५ साली, सीनेला जो पूर आला तो आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. आमच्या खालच्या पट्टीतली हातभर माती पुराने नेली. पाणी ओसरल्यावर खाली मुरूम उघडा पडलेला होता आणि त्यावर कुठले कुठले पाईप, चपला आणि एक मेलेले वासरू. पंचनामे झाले, ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे साहाय्य जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीलाही मदत होती. ती मदत मातीसाठी. पण त्या मातीतला कर्ब जर आधीच विकलेला असता तर? अशा हानीसाठी काही क्रेडिटे राखीव ठेवण्याची पद्धत ह्या बाजारात आहे खरी. आबांच्या कागदात मात्र 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द एकदाच आला आहे, आणि तो कंपनीवर जबाबदारी येऊ नये म्हणून आला आहे.

ह्या बाजाराचा आणखी एक नियम मला विलक्षण वाटतो. जो आधीपासूनच चांगले वागत आला त्याला काही मिळत नाही. जास्तीचे, नवे असे काही केले तरच क्रेडिट. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांनी उभ्या जन्मात पाचट पेटवले नाही. बांधावर लिंब, बाभळी, आंब्याची दोन झाडे जपली. लोक त्यांना कंजूष म्हणत, पाचटसुद्धा सोडत नाही म्हणून हसत. प्रतिनिधीने त्यांना सांगितले की तुमच्या रानात वाढ दाखवता येणार नाही. आणि आम्ही, जे दरसाल काडी लावत होतो, ते पात्र ठरलो! नियमामागचे तर्कशास्त्र मला समजते, जे आपोआप होणारच होते त्याचे पैसे खरेदीदाराने का द्यावेत. तरी पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे मला पाहवेना.

घरातली दुसरी बाजू आईची. आबांनी तिला सांगितले की आता तुराट्यासुद्धा रानातच कुजवायच्या. आई म्हणाली, "आन् चुलीत काय घालू, तुमचा कागुद?" गॅस आहे, पण टाकी भरून आणायची तर विचार करावा लागतो, त्यामुळे पाणी तापवायला आणि भाकरीला अजून तुराट्याच. पाचट दाबायचे काम झाले तर तेही तिच्या आणि दोन मजूर बायकांच्या अंगावर येणार. सातबाऱ्यावर आईचे नाव नाही. सही आबांची, पैसे आबांच्या खात्यात, कंबर आईची. बटईने दुसऱ्याचे रान करणाऱ्याला तर ह्या कागदात जागाच नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. कागद वाचताना मला वर्गात शिकलेले एक प्रकरण सारखे आठवत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्यांना कागद हवे होते : कर्जरोखे, खते, फारखती. जे हाती आले ते त्यांनी चव्हाट्यावर जाळले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून काय लिहून घेतले होते, हे त्या आगीच्या उजेडात सरकारला दिसले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि आमच्या सोलापूर जिल्ह्याला लागू होता. त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि तो मोठ्याने वाचून दाखवावा, मगच त्याने सही किंवा निशाणी करावी. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अक्षरशत्रू शेतकरी कागदापुढे कसा नागवला जातो हे त्यांनी त्यात सांगितले आहे.

परक्या सरकारने एकोणिसाव्या शतकात जेवढी काळजी घेतली, तेवढीही माझ्या घरात आलेल्या कागदाच्या बाबतीत कोणी घेतली नाही. आबांना एकोणीस पाने इंग्रजीतून मिळाली आणि वाचून दाखवणारा निबंधक म्हणून मी, बी.ए. द्वितीय वर्ष.

आमच्याच वाट्याला हे आले असे समजू नये. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हरियाणा आणि मध्य प्रदेशातल्या अशा प्रकल्पांची पाहणी आहे. प्रकल्पात सामील झालेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव शेतकऱ्यांना तोवर कर्बाचा पैसा मिळालेला नव्हता. पंचेचाळीस टक्के लोकांना हा कर्बाचा व्यवहार आहे हे कोणी नीट सांगितलेच नव्हते. काही मोबदला दिसेना म्हणून अठ्ठावीस टक्के लोकांनी दुसऱ्याच वर्षी नवी पद्धत सोडून दिली. अल्पभूधारक आणि मागास जातींतले शेतकरी तर त्यात फारसे घेतलेलेच नव्हते. म्हणजे इथे कर्जातला अन्याय नाही, पण दुर्लक्षाचा आहे. वाईट हेतू नसतानाही माणसे अशी नागवली जातात.

खरेदीदाराच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'व्हेरा' ह्या मोठ्या प्रमाणन-संस्थेने चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प तपासणीअंती नाकारले. मग त्या क्रेडिटांवर ज्यांनी स्वतःचा धूर धुऊन निघाला असे जाहीर केले असेल, त्यांच्या धुराचे काय झाले? तो तर हवेत आहेच. पाप एकाने करायचे आणि प्रायश्चित्ताचा उपास दुसऱ्याकडून पैसे देऊन करवून घ्यायचा, ह्या प्रथेची आपल्या समाजाला ओळख आहे. इथे तर उपास करणाऱ्याने तो वीस वर्षे मोडू नये अशी अट आहे.

इतके लिहून झाल्यावर माझे मत सांगणे भाग आहे. शेतकऱ्याने कर्ब मुळीच विकू नये असे मी म्हणत नाही. पाचट न जाळणे, माती झाकून ठेवणे, बांधावर झाड वाढवणे हे श्रमाचे काम आहे, त्याने जगाचे भले होते आणि त्या श्रमाचा मोबदला मागण्यात लाज कसली? पण मोबदला कामाचा असावा. ह्या वर्षी एवढ्या एकरांवर पाचट जाळले नाही, त्याचे एवढे पैसे ह्याच वर्षी मिळाले पाहिजेत, कर्ब किती साठला हे पुढे कंपनीने आपल्या खर्चाने मोजत बसावे. पुढच्या वर्षी पटले तर पुन्हा काम, नाही पटले तर रामराम. पिढीवर अट बांधून घेणारी, जमिनीबरोबर फिरणारी सही मात्र एकट्या शेतकऱ्याने देऊ नये. द्यायचीच तर गटाने किंवा सोसायटीमार्फत, मराठी कागदावर, ग्रामसभेत मोठ्याने वाचून झाल्यावर द्यावी. असे केले तर कंपन्यांना हा धंदा परवडणार नाही, असे आमचे अर्थशास्त्राचे सर म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर असेलही. मग तो धंदा शेतकऱ्याच्या अज्ञानावरच परवडत होता, असा त्याचा अर्थ होतो काय, हे मी त्यांना विचारले. सर हसले आणि म्हणाले, लेख लिही.

पाचटाचे म्हणाल तर कर्बाचा पैसा मिळो न मिळो, यंदा ते जाळायचे नाही असे घरात ठरले आहे. खालच्या पट्टीत माती नाही, वरच्या रानातली तरी सुधारली पाहिजे. तुराट्या अर्ध्या चुलीला, अर्ध्या रानाला, असा आईने निकाल दिला.

सुट्टी संपताना मी वहीच्या पानावर पाच प्रश्न मराठीत लिहून आबांजवळ दिले : मराठी प्रत कधी देता, पैसे कोणत्या महिन्यात, कोणत्या हिशेबाने, पुराने माती गेली तर कोणाचे नुकसान, आम्हांला मधेच सोडायचे असेल तर काय, आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त काही नोंद होणार काय. प्रतिनिधी पुन्हा येऊन गेल्याचे आबांनी परवा फोनवर सांगितले. मुलगा नम्र होता, चहा घेतला, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली. तिसऱ्याला म्हणाला, वर विचारून सांगतो. चौथा आणि पाचवा त्याने आपल्या डायरीत उतरवून घेतले. कागद अजून पेटीत आहेत, पेन्सिलीची फुली तशीच आहे.